बत्तीस नंबरचे सहा यार्ड

डब्लिन, ओहायो
रविवार, ११ ऑगस्ट २०२४

सत्या,

पाकिटावरचं नाव वाचूनच हे कचऱ्यात टाकलं असशील तर विषयच संपला. टाकलं नसलंस तर दोन मिनिटं वाच. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, ईमेलला उत्तर देत नाहीस, म्हणून महाराष्ट्र मंडळाच्या डिरेक्टरीतून तुझा कॅरीचा पत्ता काढला आणि चक्क पेन घेऊन बसलो. अक्षर लागत नसेल तर नंदावहिनींकडून वाचून घे.

बातमी अशी, की आपल्या हार्लन युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमला यंदा सव्वाशे वर्षं झाली. आपले बगळे रे! टीमचं नाव हेरन्स, आणि हेरन म्हणजे बगळा हे मीच तुला सांगितलं होतं आणि पुढे दोन वर्षं आपण त्या सव्वादोनशे पौंडांच्या पोरांना बगळे म्हणत होतो. तर टीमच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक काढायचं चाललंय. लायब्ररीच्या जुन्या कागदांचा कारभार मेगन नावाच्या मुलीकडे आहे. जुन्या मॅचेसच्या नोंदी तपासायला तिला कुणीतरी रिकामटेकडा हवा होता. मी मार्चमध्ये रिटायर झालो. संध्या म्हणाली, "अहो, जा बाई, फ्रीज उघडून बघत उभं राहण्यापेक्षा बरं." त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस मी पाऊण तास ड्राइव्ह करतो आणि तळघरात बसून खोकी उपसतो.

काय एकेक सापडतंय म्हणून सांगू! पहिली मॅच १८९९ची, कुणाच्या तरी गाईंच्या कुरणात. खेळाडू मोजून अकरा, बदली माणूस नाही, त्यातला एक पाद्री व्हायला आलेला. कोच कोण, तर केमिस्ट्रीचा प्रोफेसर. तेव्हा टचडाउनला पाचच पॉइंट होते, आणि चेंडू पुढे फेकायला बंदी! १९१८च्या पानावर एकाच शब्दात 'फ्लू' लिहून सीझन संपवलाय. १९४३च्या पानावर फक्त पोरं कुठे कुठे लढायला गेली त्या गावांची नावं आहेत. १९५२ साली नऊच्या नऊ मॅच हरले, आणि नोंदी ठेवणाऱ्या बाबाने प्रत्येक मॅचपुढे हवामान लिहिलंय. ऊन असलं तरी ऊन फार होतं म्हणून लिहिलंय. मला तो माणूस फार आवडला.

असं करत करत मंगळवारी १९८६च्या खोक्यापाशी आलो. आपलं खोकं.

आठवतं ना, आपल्याला ते काम कसं मिळालं? केसलरसाहेबांना प्रेसबॉक्समध्ये आकडे लिहायला अशी दोन माणसं हवी होती ज्यांना मॅच बघून ओरडावंसं वाटणार नाही. आपल्याला खेळच कळत नव्हता, त्यामुळे आपण एकदम फिट्ट. मी सांगलीला कॉलेजच्या क्रिकेटचा स्कोअरर होतो हे ऐकून तर ते खूशच झाले. तू दुर्बीण लावून कोण किती यार्ड धावला ते सांगायचास, मी लिहायचो. आणि सगळं मराठीत. "बत्तीस, डावीकडून, चार." शेजारचे रेडिओवाले आपल्याकडे बघतच राहायचे.

तर तो शेवटच्या मॅचचा तक्ता. २२ नोव्हेंबर, शनिवार. मेगनने तिसऱ्या क्वार्टरमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "व्हॉट इज दिस डॉट?" सगळीकडे आकडे, आणि तिथे नुसतं टिंब. मी म्हटलं, क्रिकेटमध्ये धाव निघाली नाही की टिंब देतात. ती खूप हसली. मग म्हणाली, पण इथे हिशेब जुळत नाही. आपल्या टीमने फाउल केला, दंड दहा यार्डांचा, पण पुढच्या ओळीत चेंडू चारच यार्ड मागे आलाय. मग सहा यार्ड गेले कुठे?

ओळ बत्तीस नंबरची आहे. वेंडेल प्राइस. तो सीझनला ९९६ वर थांबला होता ते तुला आठवत असेलच. स्टेडियमच्या बोळात एका सीझनमध्ये हजार यार्ड धावलेल्यांची नावं रंगवलेली भिंत आहे. पहिलं नाव १९९४चं आहे.

ते टिंब कशाचं, तुला काही आठवतंय का? मला तर काही आठवत नाही. सहज उत्सुकता म्हणून विचारतोय.

शैलेंद्र


डब्लिन
रविवार, २५ ऑगस्ट २०२४

सत्या,

उत्तर नाही. ठीक आहे, मी तरी कुठे अपेक्षा केली होती. पण हे पत्र नीट वाच, कारण आता प्रकरण उत्सुकतेच्या पुढे गेलंय.

मेगन हुशार आहे. तिने १९८६चं नियमांचं पुस्तक शोधून काढलं. वेंडेल डावीकडून पळाला, चाल सुरू झाली त्या लाइनच्या पुढे सहा यार्डांवर आपल्याच एकाने समोरच्याला पकडून ठेवलं, तिथे पंचांचा पिवळा रुमाल पडला. वेंडेल पुढे आणखी वीस यार्ड गेला, ते सगळे रद्द. पण रुमाल पडला तिथपर्यंतचे सहा त्याचेच असतात. दंड टीमला, सहा यार्ड त्याला. सहा पुढे, दहा मागे, म्हणून चेंडू चार मागे. बघ, तंतोतंत बसलं! नऊशे शहाण्णव अधिक सहा, एक हजार दोन. हार्लनच्या इतिहासात हजार ओलांडणारा पहिला माणूस तोच, आणि अडतीस वर्षं कुणाला पत्ता नाही.

हे कळल्यावर मी तळघरात उभाच राहिलो. आनंद झाला, खोटं नाही बोलत. असलं काही सापडायला नशीब लागतं यार.

पण पुढे घोडं अडलंय. ॲथलेटिक डिपार्टमेंट म्हणतं, नुसत्या गणितावर इतका जुना रेकॉर्ड बदलणार नाही. मॅचच्या फिल्ममधलं तिसऱ्या क्वार्टरचं रीळ नाही. केसलर जाऊन पंधरा वर्षं झाली. रेडिओवाल्यांमधला एक म्हातारा हयात आहे, त्याला मेगनने फोन केला. तो म्हणाला, दोन इंडियन पोरं होती, तो दुर्बीणवाला काहीतरी ओरडला खरा, पण त्यांच्या भाषेत. आता तो काय ओरडला हे जगात दोनच माणसांना माहीत आहे. म्हणून डिपार्टमेंटला एकच जबाब हवाय, बघणाऱ्याची आणि लिहिणाऱ्याची, दोघांची सही असलेला. ३० सप्टेंबरला पुस्तक छपाईला जातं. तोवर सह्या आल्या तर १००२. नाही आल्या तर ९९६ कायमचे छापले जातील.

वेंडेल साठ वर्षांचा आहे, टोलीडोला शाळेच्या बसेसचं काम बघतो. दोन्ही गुडघे बदललेत म्हणे. त्याला अजून कुणी काही कळवलेलं नाही.

मागच्या पत्रात मला काही आठवत नाही असं लिहिलं होतं. तसं अगदीच नाही. टिंब माझंच, हे उघड आहे. डोक्यात क्रिकेट होतं. चेंडू मागे आला म्हणजे धाव कसली, असं वाटलं असणार. स्टेडियममध्ये गोंगाट एवढा होता की तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. आणि सोमवारी केसलरने त्या टिंबाबद्दल बोलावून घेतलं तेव्हा गडबडीत माझ्या तोंडून निघालं की तू काहीच यार्ड सांगितले नव्हतेस. त्यांनी तुला काढून टाकलं याचं मला वाईट वाटलं होतं. तू जानेवारीत युनिव्हर्सिटीच बदलशील असं वाटलं नव्हतं.

सोबत जबाब टाइप करून पाठवलाय. 'गोंगाटामुळे ऐकण्यात चूक झाली, अनवधानाने शून्य नोंदवलं गेलं.' माझी सही आहे. तुझी खाली कर आणि परत पाठव. तिकीट लावलेलं पाकीट आत आहे. माझ्यावरचा राग वेंडेलवर काढू नकोस, एवढंच म्हणणं.

शैलेंद्र


कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
१० सप्टेंबर

शैलेंद्र,

दोन्ही पत्रं मिळाली. जबाब परत पाठवतोय. सही केलेली नाही.

गोंगाट नव्हता. रुमाल पडला की आपल्या मैदानावर लोक गप्प व्हायचे, हे तुलाही माहीत आहे. मी "सहा" म्हणालो. तू टिंब दिलंस. मी म्हणालो, "अरे सहा, रुमालापर्यंत सहा!" तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस आणि पुढची ओळ लिहायला घेतलीस.

सोमवारी केसलरने तुलाच विचारलं, की हा काय ओरडला होता. कारण माझ्याशिवाय मराठी तिथे तुलाच येत होतं. तू माझ्या शेजारी बसून सांगितलंस, "ही सेड नो गेन." मी तुझ्या तोंडाकडे बघत बसलो. मला वाटलं, आता दुरुस्त करेल. मग वाटलं, बाहेर पडल्यावर बोलेल. मग वाटलं, रूमवर येईल. मी डिसेंबरभर वाट बघितली आणि बॅग भरली.

तेही सोडून दिलं असतं. पण मंडळाच्या शिकागोच्या अधिवेशनात जेवणाच्या रांगेत तू चार लोकांना हसवत होतास, की माझा एक नाशिकचा मित्र होता, दुर्बीण उलटी धरायचा, त्याने एका बिचाऱ्याचे हजार यार्ड घालवले. मी तुझ्या मागेच ताट घेऊन उभा होतो. तू वळलास, मला बघितलंस आणि म्हणालास, "अरे, सत्या! श्रीखंड घेतलंस का?"

वेंडेलचे सहा यार्ड त्याचे आहेत. ते त्याला मिळायला हवेत, पण खोट्या कागदावर नकोत. तुला जे मराठीत ऐकू आलं ते इंग्रजीत लिही. मग सही करतो. ३० तारखेची काळजी तू कर.

सत्यजित


डब्लिन
१५ सप्टेंबर २०२४

सत्यजित,

ऐकू आलं होतं. दोन्ही वेळा.

हे एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. तुझं पत्र आधी संध्याने उघडलं. वाचून ती म्हणाली, "लग्न ठरलं तेव्हा तुम्ही मला ही गोष्ट उलटी सांगितली होती." मग म्हणाली, "मी पण ती कितीदा सांगितलीय लोकांना." आणि उठून बाहेर गेली. दोन दिवस आम्ही मीठ आण, दार लाव यापलीकडे बोललेलो नाही.

आता का ते लिहितो. ते तू लिहिलं नाहीस, कारण कदाचित तुला माहीतच नाही.

त्या दिवशी दुसऱ्या क्वार्टरमध्ये मी एका पासचे यार्ड चुकीचे लिहिले होते. तू सगळ्यांसमोर माझ्या हातातलं पेन घेतलंस, आकडा खोडलास आणि इंग्रजीत म्हणालास, "धिस इज नॉट क्रिकेट, माय फ्रेंड." केसलर हसले. रेडिओवाले हसले. तू काही वाईट हेतूने केलं नव्हतंस, आणि बरोबरही तूच होतास. पण कॉलेजात चार वर्षं मी स्कोअरर होतो रे, माझ्या वहीत कुणी पेन घातलं नव्हतं. मला झोंबलं. हाफटाइमला तू कॉफी आणून दिलीस, ती मी प्यायलो नाही.

मग ते सहा आले. तू म्हणालास, आणि मी मनात म्हटलं, आता नाही ऐकत जा. टिंब दिलं. अगदी शांतपणे दिलं. पुढच्या टाइमआउटला दुरुस्त करू, याला जरा लटकवू, असं ठरवलं होतं. टाइमआउट आला आणि गेला. शेवटी माइकवर ९९६ सांगितले, सगळं स्टेडियम एकदम "ओह्" म्हणालं, आणि मला समजलं आपण काय करून बसलोय. तेव्हा बोललो असतो तर पाच मिनिटांचा अपमान होता. तेवढाही मला सोसवला नाही. सोमवारी तर केसलरने प्रश्नच असा विचारला, की उत्तर कुणालाच तपासता येणार नव्हतं. मी आपल्या भाषेच्या आड लपलो. याची मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

अधिवेशनातल्या श्रीखंडाचंही खरं आहे. मी ते विसरलो होतो असं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो.

काल मेगनच्या समोर बसून नवा जबाब लिहिला. इंग्रजीत जे आहे ते असं:

'वेंडेल प्राइस यांच्या त्या धावेनंतर माझे सहकारी सत्यजित यांनी मला मराठीत दोनदा सहा यार्ड सांगितले. मला ते स्पष्ट ऐकू आलं. मी रागाने, जाणूनबुजून शून्य नोंदवलं. दोन दिवसांनी विचारणा झाली तेव्हा मी खोटं सांगितलं आणि दोष त्यांच्यावर टाकला. त्यांच्याकडून कोणतीही चूक झालेली नाही.'

वाचून मेगन हसली नाही. तिने विचारलं, हे पुस्तकात तळटीप म्हणून छापावं लागेल, चालेल का? मी म्हटलं, छाप. निघताना ती थँक यू म्हणाली, पण खोकी स्वतःच उचलून ठेवली.

सही केली आहे. तुझ्या सहीची जागा खाली आहे.

शैलेंद्र


डब्लिन
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

सत्यजित,

तुझ्या सहीचा कागद २६ तारखेला मेगनकडे थेट पोचला. मला काही लिहिलं नव्हतंस, ते बरोबरच आहे. पुस्तकात १००२ छापलं जातंय. भिंतीवरचं १९९४चं नाव एक ओळ खाली सरकवताहेत, वर वेंडेल प्राइस, १९८६. रंगारी आला होता तेव्हा मी बोळाच्या टोकाला उभा होतो.

हे पत्र त्यासाठी नाही. काल मी टोलीडोला गेलो होतो.

डिपार्टमेंटने वेंडेलला फोन करून एक हजार दोन कळवलं होतं. तळटीप येणार हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात वाचण्याआधी माझ्या तोंडून ऐकावं असं मला वाटलं. संध्या म्हणाली, मी येत नाही, पण तुम्ही जा. जाताना तिने डबा दिला.

तो बस डेपोच्या ऑफिसात भेटला. शनिवार होता, बाकी कुणी नव्हतं. उंच माणूस, सावकाश बसतो. मी सगळं सांगितलं, पेन हिसकावल्यापासून नो गेनपर्यंत. मग त्याने एकच विचारलं, त्या मॅचच्या चौथ्या क्वार्टरमध्ये काय झालं ते तुला माहीत आहे का? मी म्हटलं, नाही.

सत्या, आपण फक्त आकडे बघत होतो. तो म्हणाला, मी स्वतः मोजत होतो. प्रत्येक धाव. चौथ्या क्वार्टरला माझ्या हिशेबाने एक हजार दोन झाले होते. आमच्यात डॉनी नावाचा मुलगा होता, चार वर्षं रोज प्रॅक्टिसला यायचा, एकाही मॅचमध्ये खेळला नव्हता. मी कोचकडे जाऊन म्हटलं, माझं झालंय, आता मला काढा आणि डॉनीला घ्या. कोचने घेतलं. डॉनीची आई रडत होती, ते मला बाकावरून दिसलं. आणि दहा मिनिटांनी माइकवर नऊशे शहाण्णव ऐकलं.

तो म्हणाला, सगळे मला बिचारा म्हणाले. मी स्वतःला मूर्ख म्हणालो. साधं मोजता येत नाही आणि निघाला दानशूर व्हायला. त्यानंतर मी कुणासाठी जागा सोडली नाही. कामावर नाही, घरी नाही. बायको गेली ती यालाच कंटाळून गेली. हे सांगताना आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं, पण तो अगदी बसचं टाइमटेबल सांगावं तसा बोलत होता.

मी सॉरी म्हटलं. त्याने मान हलवली, त्यातून हो की नाही ते कळलं नाही. उठताना मी हात पुढे केला. त्याने माझ्या हाताकडे बघितलं आणि टेबलावरचे कागद सारखे करत राहिला. हात मागे घेण्यापलीकडे माझ्याकडे काही नव्हतं.

दारापाशी पोचलो तेव्हा त्याने हाक मारली. म्हणाला, तो दुसरा, ज्याने माझ्याएवढंच बरोबर मोजलं होतं, तो कुठे असतो? मी तुझा पत्ता लिहून दिला. विचारून द्यायला हवा होता, पण त्या माणसाला नाही म्हणणं मला जमलं नाही. पुढच्या शनिवारी, १२ तारखेला, तो मुलीबरोबर गाडीने कॅरीला निघतोय. अकरा तासांचा रस्ता आहे. नको असेल तर सोबत त्याचा फोन नंबर दिलाय, त्याला कळव. पण नको म्हणू नकोस.

जाता जाता त्याने विचारलं, तुझा मित्र त्या दिवशी नेमकं काय ओरडला होता? तुमच्या भाषेत कसं म्हणतात ते? मी सांगायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला. म्हणाला, "नो. नॉट यू. आय वॉन्ट टू हिअर इट फ्रॉम हिम."

शैलेंद्र